दिल्ली ते पिंगळी, गोरजाच्या आत

आबा,

दिल्लीहून हैदराबादला विमानानं आता सव्वादोन तास लागतात. मधे नागपूरला टेकायचं नाही, तेल भरायला थांबायचं नाही, एकदा उडालं की थेट हैदराबाद. आंतर साडेबाराशे किलोमीटर, म्हणजे तुमच्या हिशेबानं चारशे कोसांच्या घरात. हे ऐकीव नाही हो. मागच्या महिन्यात नातीबरोबर मी स्वतः त्या विमानात बसून आले. विमान सुटायच्या आधी तिनं फोनवर मला दाखवलं, हा एक ठिपका दिल्ली, हा दुसरा हैदराबाद, मधे एक रेघ, आणि रेघेखाली आंतर किती अन् वेळ किती. मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचा माणूस दचकला. नात म्हणाली, "आजी, काय झालं?" काय सांगणार तिला? तुम्ही जन्मभर जे दोन प्रश्न भेटेल त्याला विचारत फिरलात, ते दोन्ही त्या तळहाताएवढ्या काचेवर उत्तरांसकट मांडून ठेवले होते. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात घोळतंय. आज बसलेच.

"आंतर किती, येळ किती?" पिंगळीच्या टेसनावर कुणी अनोळखी उतरला की त्याला पाणी विचारायच्या आधी तुम्ही हे विचारायचात. बांगड्यावाला असो, बैल विकायला आलेला असो, कचेरीतला शिपाई असो. एकदा काशीहून आलेला बैरागी आपल्या ओट्यावर बसला होता. तो बिचारा तोंडात घास घेऊन देवाधर्माचं सांगू पाहत होता, आणि तुम्ही त्याला कुठला मुक्काम कुठून किती लांब एवढंच विचारत राहिलात. शेवटी माय आतून म्हणाली, "जेवू द्या की त्याला. ताटापासून तोंडाचं आंतर लय न्हाई." तुम्हाला स्वतःला कुठं जायचं असायचं असंही नाही. शेत, टेसन, परभणीची कचेरी, आणि जमिनीच्या मुकदम्याची तारीख लागली की वर्षा-दोन वर्षांतून एकदा हैदराबाद, एवढाच तुमचा मुलूख. पण जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर कळलं की तुमचा चेहरा असा फुलायचा, जणू ती वाट तुमच्या नावावर झाली. मला ते फार आवडायचं. मी मोठी झाले तरी तुमच्यासारखं भाबडेपणानं खुश होणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला हैदराबादला नेलंत. माय धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून नेलंत. कोर्टात नेहमीप्रमाणे पुढची तारीख पडली. तुम्ही जरासुद्धा वैतागला नाहीत. टांगा केलात आणि म्हणालात, "चल, तुला हवाई अड्डा दाखवतो." बेगमपेठेच्या कुंपणाबाहेर, एका लिंबाच्या सावलीत आपण उभे. तुमच्या एका हातात माझं बोट, दुसऱ्या हातात माझ्यासाठी घेतलेल्या लाखेच्या बांगड्यांची पुडी. आभाळात ते दिसतं, घरघरतं, आपल्या डोक्यावरून गोल फिरून पलीकडं जातं. तुम्ही तोंड उघडं टाकून बघताय. आणि मग तुमच्याच्यानं राहवत नाही. तुम्ही वळता आणि टांगेवाल्याला विचारता, हे कुठून आलं, आंतर किती, येळ किती? तो म्हणतो, "बंबई से आया साब. सुबो उडे तो दुपारकू इधर." तुम्ही त्याला पुन्हा विचारता, मधे कुठं कुठं थांबतं, किती थांबतं. आणि नेमकं तेव्हा, तुमची पाठ असताना, विमान उतरतं. मी बघते. त्याची चाकं जमिनीला लागतात, धूळ उडते, आणि ते पळायला लागतं. पळतं, पळतं, थांबायचं नावच घेत नाही. तुम्ही वळलात तेव्हा ते लांबवर शांत उभं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "आरं, उतरलंबी?"

तिथून परत आलात ते विमानाचे जाणकार होऊनच. पिंगळीत दुसरं कुणी विमान जवळून बघितलेलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला अडवणारंही कुणी नव्हतं. मायही तान्ह्याला घेऊन परत आली होती. एका संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापतेय, तान्हा शेजारी पाळण्यात, आणि तुम्ही तिला विमान कसं उतरतं ते समजावताय. समजवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तुम्ही परातीतली थापलेली भाकरी उचललीत आणि हवेत गिरक्या घेत घेत तव्यावर उतरवलीत. माय ओरडली, "माझी भाकर मोडायलाव की हो!" तुम्ही म्हणालात, "घार बगितलीस का? गिरक्या घेत खाली येती अन् टपकन बसती. तसंच हाय ते." मी म्हणाले, "न्हाई आबा. ते खाली आल्यावर लय लांब पळतं. बुजलेल्या बैलावानी." तुम्ही माझ्याकडं बघितलंतसुद्धा नाही. "गप. उगं शान्यावानी बोलू नगं," म्हणालात. एवढंच. रागावून नाही, अंगावरची माशी हाकलावी तसं. मी बघितलं होतं आणि तुम्ही नव्हतं बघितलं, तरी खरं तुमचं. त्या रात्री मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठले आणि ती का टाकली हे कुणी विचारलं नाही.

मी सोळाची झाले तेव्हा लढाई संपून गेली होती आणि निजामाचं राज्य अजून होतं. पाथरीकडचं एक स्थळ आलं. शेतकऱ्याचाच मुलगा, पण लढाईच्या दिवसांत पलटणीबरोबर गेलेला, तिथं विमानाची इंजिनं दुरुस्त करायला शिकलेला, आणि आता दिल्लीच्या हवाई अड्ड्यावर कामाला. लोक मुलाला जमीन विचारतात, बैलजोड्या विचारतात. तुम्ही काय विचारणार हे मला आत, दाराआड बसूनही ठाऊक होतं. "दिल्लीहून हैदराबाद, विमानानं, आंतर किती, येळ किती?" त्यानं दोन्ही सांगितलं, अगदी नागपूरला किती वेळ टेकतं तेही. मग तुमचा आवाज आला, "सुपारी फोडा." तात्या, तुमचे थोरले भाऊ, चिडले की पोरीचं लग्न करायलास का टेसनमास्तर निवडायलास. पण सुपारी फुटली होती. आणि आबा, खरं सांगायचं तर ते उत्तर ऐकून मीही दाराआड हसले होते.

लग्नाचा मुहूर्त निघाला तो त्या हंगामातला शेवटचा. सकाळी एक आणि संध्याकाळी गोरजाचा एक, मग जोशीबुवांच्या म्हणण्याप्रमाणे तुळशीच्या लग्नापर्यंत काही नाही. वऱ्हाड दोन दिवस आधीच पाथरीहून बैलगाड्यांनी येऊन उतरलं, आणि त्याच दुपारी टेसनावर तार आली. नवऱ्या मुलाची सुट्टी पुढं ढकलली होती. लग्नाच्या दिवशी सकाळच्या विमानानं तो दिल्लीहून निघणार, दुपारी हैदराबादला पोचणार, रात्रीची गाडी धरणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगळीत. म्हणजे दिल्ली ते हैदराबाद अर्ध्या दिवसात, आणि हैदराबाद ते पिंगळी अख्खी रात्र. मुहूर्त मधल्यामधे बुडणार.

ओट्यावर बैठक बसली. नवऱ्याचे चुलते त्यांच्याकडचे कर्ते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं खांडा हाय. नवरा न्हाई आला तर खांड्यासंगं अक्षदा पडू द्या. रीतच हाय." रीत होतीच. नवरा हजर नसला की त्याची तलवार पाटावर ठेवायची आणि पोरीचं लग्न तिच्याशी लावायचं. पण अशी लागलेली पोर जन्मभर 'खांड्याची' म्हणून ओळखली जायची. धड नवऱ्यानं केलेली नाही, कमी मानाची. पुढं जावांमध्ये भांडण झालं की पहिलं तेच तोंडावर मारायचे. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. मग म्हणालात, "माझी पोर लोखंडाला द्यायची न्हाई मला. लोखंड कदी भांडत न्हाई, कदी आजारी पडत न्हाई, अन् कदी घरलाबी येत न्हाई." चुलते म्हणाले, "मंग परवा गोरजापत्तूर नवरा उभा करा. न्हाईतर खांडा. दोन्ही न्हाई मनलाव तर आमी गाड्या जुंपतो." तात्या तुमच्या कानाशी लागले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पटका काढ अन् ठेव त्यांच्या पायावर. वऱ्हाड दारात आल्यावर लगीन मोडलं तर पोरीला कोण करून घेईल?" तुमचा हात डोक्याकडं गेला. मी दाराआडून बघत होते. हात पटक्यापर्यंत गेला, आणि तिथंच थांबला. अंतर कळल्यावर फुलायचा तसा तुमचा चेहरा फुलला. "थांबा," तुम्ही म्हणालात. "ते विमान दिल्लीहून हैदराबादला जातं ते आपल्या डोक्यावरूनच जातं. मी कितीदा आवाज ऐकलाय त्याचा. वरून जायलाय तर खाली उतरायला काय हारकत हाय?"

तात्या म्हणाले, "येडा झालास का?" तुम्ही म्हणालात, "कामून? मागल्या साली आपली पॅसेंजर गाडी चुडाव्याच्या पुढं रानात थांबली न्हवती का, पाटलाच्या बाळंतिणीला उतरवायला? डायवर माणूसच असतो ना? वळखीचा असला की थांबवतो." ती गाडी खरंच थांबली होती आणि तिच्यातून सगळ्यांचंच कुणी ना कुणी कधी तरी रानात उतरलं होतं. तुम्ही तडक टेसनावर गेलात. टेसनमास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले म्हणे, पण तार केली त्यांनी. पिंगळीत उतरायला जागा तयार आहे, गोरजाच्या आत या.

दुसऱ्या दिवसाइतका आनंदाचा दिवस मी गावात पाहिला नाही. टेसनाजवळचं आपलं उन्हाळी नांगरलेलं रान तुम्ही निवडलंत. सहा बैलजोड्या, फळ्या, पाण्याचे हौद, सगळा गाव. लग्नघरचा स्वयंपाक टाकून बायकासुद्धा शेण कालवायला गेल्या. वऱ्हाडी नुसते बघायला म्हणून आले आणि फळीवर उभे राहिले. आणि तुम्ही केलंत काय, तर खळं! ज्वारी मळायला करतात तसं गोल, सारवलेलं, गुळगुळीत, फक्त वीस खळ्यांएवढं मोठं. मधे बैल बांधायची मेढ तेवढी रोवली नाहीत, विमानाला लागेल म्हणून. कडेनं चुन्याचं पांढरं रिंगण ओढलंत. मी मायची नजर चुकवून रानाच्या बांधापर्यंत आले. म्हणाले, "आबा, गोल नगं. लांब करा. ते उतरल्यावर पळतं." तुम्ही चुन्याचे हात झटकत आलात. "नवऱ्या पोरीनं रानात यिऊ नई. घरी जा," म्हणालात. त्या संध्याकाळी नवऱ्याची हळद खांड्याला लावली आणि तीच उष्टी हळद मला लागली. लोखंडाला लागून आलेली हळद गार लागते, आबा.

लग्नाच्या दिवशी सकाळचा मुहूर्त गेला. वऱ्हाड्यांनी खांडा कापडात गुंडाळून पाटावर आणून ठेवला, जणू नवरा जरा पाणी प्यायला उठलाय. जेवणं झाली. ऊन कललं. मला मुंडावळ्या बांधलेल्या, आणि मी वर, घराच्या माळवदावर जाऊन बसलेली. माय खालून हाका मारतेय, मी ऐकत नाही. तिथून सगळं दिसतं. टेसन, रूळ, तुमचं पांढरं रिंगण, आणि रिंगणापलीकडं रुळांच्या कडेनं गेलेलं गायरान, लांबच लांब, उन्हानं टणक झालेलं, गवताची काडी नसलेलं. गाव खळ्याभोवती उभा आहे. तुम्ही एकटे खळ्याच्या मधोमध, मान वर करून. जोशीबुवा घंगाळात घटिकापात्र सोडून बसलेत.

आणि आवाज येतो. आधी मला वाटतं गाडी आली. मग रुळांच्या वर, पूर्णेच्या बाजूनं, एक ठिपका. ठिपक्याला पंख, पंखांवर आणखी पंख. सगळा गाव ओरडतो. मीही ओरडते, मुंडावळ्या कानामागं टाकून नाचते. विमान रिंगणावर येतं आणि गोल फिरतं. एकदा. दोनदा. तुम्ही दोन्ही हात वर करून किंचाळताय, "बगा! घारीवानी! मी मनलो न्हवतो का!" ते खाली येतं, एवढं खाली की बायका पदर धरून खाली बसतात, आणि खळ्यावरून झपकन निघून पुन्हा वर चढतं. परत गिरकी. परत खाली. परत वर. गावाला वाटतं, खेळ चाललाय. मला कळतं. त्याला टेकता येत नाहीये. खळं संपतंय आणि पुढं नांगरट आहे. सूर्य लिंबाच्या शेंड्याला आलाय, गुरं गावाकडं वळलीत. जोशीबुवा हात वर करून काही सांगताहेत. नवऱ्याचे चुलते खांडा उचलून मांडवाच्या दाराशी आलेत.

मी माळवदाच्या कडेला गेले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला. "आबा! ते पळतं! त्याला लांब रान लागतं! गायरान दाखवा, गायरान!"

हळदीची नवरी माळवदावरून बोंबलते, हे पिंगळीनं त्याआधी ऐकलं नव्हतं. सगळ्या माना विमानावरून माझ्याकडं वळल्या. तुमचीही. तुम्ही खालून माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता 'गप' येणार. पण तुम्ही डोक्याला हात घातलात आणि पटका उतरवलात. चार माणसांत बाप पटका उतरवतो तो एकाच कामासाठी, आणि चुलत्यांनाही तेच वाटलं असावं, कारण ते पाय जुळवून उभे राहिले. तुम्ही त्यांच्या पुढून धावत गेलात. धावता धावता पटका उलगडलात, एक टोक तात्यांच्या अंगावर फेकलंत, "तात्या, धरा!" आणि दुसरं टोक घेऊन गायरानात सुटलात. काळ्या रानावर तो पांढराशुभ्र पटका रुळांना समांतर ताणला गेला. तात्या, ज्यांनी तुम्हाला वेडा म्हटलं होतं, ते टोक मुठीत धरून गुडघ्यावर बसले होते. तुम्ही बोडक्यानं, धोतर वर खोचून, गुराख्यांवर ओरडत होतात, "गुरं काढा! गुरं काढा तिकडं!"

विमानानं ते पाहिलं. लांब वळसा घेऊन ते रुळांच्या सरळ रेघेत आलं, खाली, आणखी खाली, चाकं लागली, धुळीचा लोट उठला, आणि पळालं आबा! पळालं! बुजलेल्या बैलावानी, तुमच्या पटक्याच्या कडेवरून, आडव्या पडलेल्या तात्यांना वळसा घालून, गायरानाच्या पार टोकापर्यंत पळालं. गुरं शेपट्या वर करून गावाकडं उधळली. त्यांची धूळ आणि विमानाची धूळ एक झाली. मी माळवदावर रडत होते आणि हसत होते.

तुमचे जावई उतरले ते खाकी कपड्यांत, तोंड धुळीनं काळं आणि चष्म्याखाली डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं. तुम्ही धापा टाकत त्यांच्यापाशी पोचलात. सगळा गाव कान टवकारून उभा, सासरा जावयाला काय बोलतो म्हणून. तुम्ही म्हणालात, "आंतर किती, येळ किती?" त्यांनीही नमस्कार करत करतच सांगितलं. दिल्लीहून सकाळी निघाले, नागपूरला टेकले, दुपारी हैदराबाद. तिथं पलटणीतला एक ओळखीचा वैमानिक शिकाऊ पोरांना विमान चालवायला शिकवत होता, त्याला तुमची तार दाखवली, तो पोट धरून हसला आणि हसता हसता म्हणाला, चल. दोन माणसांचं विमान, रुळांवर नजर ठेवून, दोन तास. तुम्ही मान डोलावलीत. "चला मंग," म्हणालात, "जोशीबुवा खोळंबलेत."

पुढचं सगळं घाईत झालं. त्यांना उभ्याउभ्या हळद फासली, अंगावर शेला टाकला. खांडा चुलत्यांनीच परत कापडात गुंडाळला. कन्यादानाला तुम्ही बोडके उभे. कुणीतरी आपला फेटा पुढं केला, तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. माझा पटका कामाला गेलाय." त्या पटक्यावरून चाक गेलं होतं, दोन ठिकाणी टरकला होता. वैमानिक मात्र तीन वेळा पुरणपोळी मागून घेऊन जेवला. परभणीच्या मोटारअड्ड्यावरून बैलगाडीनं पेट्रोल आणलं, आणि सकाळी तो गावावर एक गिरकी मारून गेला.

पुढं दिल्लीत, माझ्या बिऱ्हाडात, तुमच्या जावयांनी मला एक नकाशा उघडून दाखवला. दिल्लीचं विमान नागपूरवरून सरळ हैदराबादला उतरतं. पिंगळी त्याच्या वाटेवर नाहीच, पार पश्चिमेला राहते. तुम्ही ऐकायचात तो आवाज कुठल्या विमानाचा, देव जाणे. पण ते असंही म्हणाले की रुळांवर दहा गावं सारखीच दिसतात, ते पांढरं रिंगण दिसलं नसतं तर पिंगळी ओळखूच आली नसती. तेव्हा खळं वाया गेलं नाही, आबा. तुम्ही अर्धे चुकलात आणि अर्धे बरोबर होतात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण निजामाचं राज्य गेलं आणि थोड्याच दिवसांत तुम्हीही गेलात. टरकलेला पटका माय मला देऊन गेली. माझ्या दोन्ही लेकरांच्या पाळण्यात मी तोच अंथरला.

मागच्या महिन्यात हैदराबाद आलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. चाकं लागली, विमान पळायला लागलं, आणि मी नातीचा हात आवळून धरला. ती म्हणाली, "आजी, भीती वाटते का?" मी म्हणाले, "भीती कशाची? ते लांब पळतं गं, लगेच थांबत नाही." हे मी नऊ वर्षांची असल्यापासून सांगत आले आहे. एवढ्या मोठ्या विमानात ते पुन्हा सिद्ध झालं, आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीवर नव्हतात याचा मला फार राग आला. सव्वादोन तास, आबा! तुम्ही नुसत्या उड्या मारल्या असत्यात.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकून करायचं काय? या वयात मीच तिकडं यायच्या बेतात आहे, तेव्हा बाकीचं तोंडी सांगेन. तुम्ही काय विचाराल तेही मला ठाऊक आहे. आणखी एक मात्र आत्ताच लिहून ठेवते, कारण ते तुमच्या तोंडावर बोलायला मी लाजेन. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाबद्दल तुमचे जावई शेवटपर्यंत सगळ्यांना रंगवून सांगायचे, की ही माझ्याकडं अशी बघत राहिली, डोळे भरून, पापणी न लववता. मी कधी नाही म्हटलं नाही. पण मी त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते समोर उभे होते आणि त्यांच्या खांद्यावरून तुम्ही दिसत होतात, धुळीनं माखलेलं, उघडं डोकं घेऊन, आणि मी तेवढंच बघत होते.